मेलेल्या ढोराला शिवलो म्हणून विटाळ, मेलेल्या डायनासोरला शिवले म्हणून डॉक्टरेट!



गास गावात आमचा एक छोटा अभ्यासवर्ग चालतो. दर रविवारी पंधरा-वीस मुले-मुली जमतात. कोणी एमपीएससीची तयारी करते, कोणी वकिली शिकते, कोणी आठवडाभर वसईच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करून येते. मागच्या महिन्यात या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "दादा, मी भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढे जीवाश्मांवर पीएच.डी. करायची इच्छा आहे. करू का?"

वर्गातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने लगेच उलटा प्रश्न टाकला, "अगं ताई, हाडे-दगड शिकून पुढे काय होणार? असल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले लोक पुढे काय करतात, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

तिच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. तरीही आम्ही सगळ्यांनी मिळून तिला स्पर्धा परीक्षेचा सल्ला देऊन टाकला. ती गप्प बसली. पुढच्या रविवारी आली नाही. तेव्हा आम्हाला कळले की ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत नाही, त्या प्रश्नाच्या जोरावर आपण एका मुलीचा रस्ता अडवला आहे. म्हणून उत्तर शोधायला बसलो. जे सापडले, ते या लेखात मांडतो आहोत.

एका प्रयोगशाळेची गोष्ट

कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी काढली. १९५९ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. आकडेमोडीच्या या संस्थेत जीवाश्मांचा विभागही आहे. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन भारतात आल्या आणि त्यांनी हा विभाग उभा केला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलेली ही बाई. भूशास्त्राची पदवी तिने युद्धानंतर, तिशीच्या उंबरठ्यावर घेतली. "आता आपले वय निघून गेले" म्हणणाऱ्या आपल्या मुलींनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

या विभागाने खोदकामासाठी निवडले प्राणहिता-गोदावरीचे खोरे. या खोऱ्याचा एक काठ तेलंगणात, दुसरा आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात. तिथल्या एका प्रसिद्ध खडकथराला 'कोटा' हे नाव सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरूनच पडले आहे. सिरोंचा तालुक्यातच वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरची आहे, गोंड-माडिया आदिवासींच्या मुलखातली आहे.

पोचमपल्ली नावाच्या खेड्याजवळ (इकत साड्यांचे पोचमपल्ली वेगळे) १९६० च्या आसपास या लोकांना एका प्रचंड प्राण्याची सुमारे ३०० हाडे मिळाली. मांडीचे एकच हाड माणसाच्या उंचीएवढे! म्हणून नाव पडले 'बारापासॉरस', म्हणजे मोठ्या पायाचा सरडा. रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून पुढचे नाव 'टागोरी'. १९७५ साली जैन, कुट्टी, रॉयचौधुरी आणि चॅटर्जी या चौघांनी हे नाव जगापुढे मांडले. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या प्राण्याचा सांगाडा आज कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आता आमच्या कार्यकर्त्याचा प्रश्न: हे लोक पुढे कुठे गेले?

शंकर चॅटर्जी १९७९ साली अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात गेले, तिथे प्राध्यापक झाले, विद्यापीठाच्या संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. टेक्सासमध्ये सापडलेल्या काही हाडांवरून त्यांनी सर्वांत जुन्या पक्ष्याचा दावा केला. मुंबईच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या वसईच्या किनाऱ्यापलीकडे, समुद्राच्या तळाशी उल्कापाताने झालेले महाकाय विवर आहे, असाही सिद्धांत त्यांनी मांडला. 'शिव विवर' हे त्याचे नाव. दोन्ही दावे बहुतेक तज्ज्ञांनी मान्य केले नाहीत. पण म्हणून चॅटर्जींची खुर्ची हलली नाही, आणि हलायचे कारणही नव्हते. शास्त्रज्ञाला चुकण्याचा अधिकार असतो. हा अधिकार कोणाकोणाला मिळतो, त्याकडे पुढे येऊ.

सोहनलाल जैन यांच्या नावाने 'जैनोसॉरस' हा डायनासोर आहे. टी. एस. कुट्टी यांच्या नावाने 'कुट्टीसेफॅलस' हा प्राचीन उभयचर आहे. पुढच्या पिढीतल्या संघमित्रा राय खरगपूरच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या. शाश्वती बंद्योपाध्याय यांनी कोलकात्याच्याच संस्थेत राहून काम केले आणि २०१० साली सहकाऱ्यांसह बारापासॉरसच्या हाडांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

तर कार्यकर्ते मित्रा, हे घे उत्तर. हाडे-दगड शिकणारे प्राध्यापक होतात, परदेशी जातात, संग्रहालये सांभाळतात, आयआयटीत शिकवतात. चूक निघाली तरी टिकतात आणि मेल्यावर डायनासोरच्या नावातही उरतात. या लोकांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी उन्हातान्हात काम केले आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे.

धुइया प्रधान कोण?

२००७ साली कुट्टी, चॅटर्जी आणि दोन परदेशी सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात याच खोऱ्यातल्या दोन नव्या डायनासोरांची नावे जाहीर केली. पहिला 'लॅम्प्लूसॉरा', विभाग उभारणाऱ्या पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन यांच्या नावाने. दुसरा 'प्रधानिया', धुइया प्रधान यांच्या नावाने. प्रधान हे संस्थेसाठी रानात फिरून जीवाश्म गोळा करणारे कर्मचारी होते.

एका कागदावर दोन नावे. एक लंडनच्या विदुषीचे, एक क्षेत्रकाम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो, कारण एवढेही सहसा कोणी करत नाही. पण आता शोधून पाहा. रॉबिन्सनबाईंचे चरित्र मिळते, त्यांची पदे मिळतात, शोधनिबंधांची यादी मिळते. प्रधान यांच्या नावापुढे मिळते एक ओळ: निष्ठावान संग्राहक.

'निष्ठावान'! हा शब्द आमच्या कानाला ओळखीचा आहे. गावगाड्यात महारालाही इमानी म्हणत. सीमेच्या भांडणात त्याची साक्ष प्रमाण मानत. सरकारी खजिना त्याच्या पहाऱ्यात जाई. इमानाचे कौतुक होते, पण जमिनीच्या कागदावर नाव लागत नव्हते.

प्रधान या आडनावावरून जात काढण्याचा खेळ आम्ही खेळणार नाही. तो खेळ ब्राह्मणी व्यवस्थेचा आहे. आमचा मुद्दा श्रेणीचा आहे. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीतली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंहार'मध्ये १९३६ सालीच सांगितले. प्रयोगशाळेतही तीच उतरंड दिसते. वर नाव देणारा. त्याखाली मोजणारा. त्याखाली हाड साफ करणारा. आणि तळाशी माती उपसणारा, हाडावर गोणपाट आणि प्लास्टर चढवणारा, ते धूड खांद्यावरून वाहून नेणारा. वरच्याला 'कारकीर्द' असते. तळातल्याला 'हजेरी' असते. आज किती आले, किती वाजता आले, मजुरी किती. हजेरीचा कागद फाटला की माणूस इतिहासातून गेला.

हे फक्त भारतात घडते असे नाही. १९०९ ते १९१३ या काळात जर्मनांनी आपल्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीत, आजच्या टांझानियात, तेंडागुरू टेकडीवर डायनासोर खणले. शेकडो आफ्रिकी मजुरांनी खणले आणि डोक्या-खांद्यावरून बंदरापर्यंत वाहून नेले. त्यातला प्रचंड सांगाडा आजही बर्लिनच्या संग्रहालयाची शान आहे. त्या मजुरांचा मुकादम होता बोहेती बिन अम्रानी. त्याचे नाव एका डायनासोरला मिळाले कधी? २००७ साली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि योगायोगाने प्रधानियाच्याच वर्षी. कोलकाता असो वा बर्लिन, खणणाऱ्याची आठवण यायला एवढा वेळ का लागतो?

हाडांशी आपले नाते

मित्रांनो, आता जरा आपल्या घरात या.

मेलेले ढोर कोण ओढत होते? आपले आजे-पणजे. कातडे कोण सोलत होते? कुठल्या सांध्यावर सुरी घातली की पाय मोकळा होतो, बरगडी कुठे सुटते, शिंगाचा गाभा कसा असतो, हे कोणाच्या बोटांना ठाऊक होते? महाविद्यालयात प्राण्याचा सांगाडा तारेने बांधून शिकवतात ते ज्ञान आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या हाताने येत होते. त्या ज्ञानाचे बक्षीस म्हणून आपल्याला गावकुसाबाहेर घर मिळाले.

आणि तेच हाड १८ कोटी वर्षे जमिनीत राहून दगड झाले की त्याला हात लावणाऱ्याचा सत्कार होतो. मेलेल्या ढोराला शिवलो म्हणून आमचा विटाळ, मेलेल्या डायनासोरला शिवले म्हणून त्यांची डॉक्टरेट! विटाळ हाडात कधीच नव्हता. तो हात कोणाचा आहे यात होता.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले. आपण सोडले. महारकी सोडली. सोडली म्हणून गावोगावी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. २०१६ साली गुजरातच्या उन्यात मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना नागवे करून मारले, तेव्हा सुरेंद्रनगरच्या आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे नेऊन कलेक्टर कचेरीपुढे टाकली. तुमची माता, तुम्हीच उचला. हा स्वाभिमान आपल्या चळवळीची कमाई आहे आणि त्यापासून एक पाऊलही मागे जाण्याचा प्रश्न नाही.

पण बाबासाहेबांनी सांगितले होते ते लादलेले काम सोडायला. ज्ञानावरचा हक्क सोडायला त्यांनी कधी सांगितले? काम टाकून दिले तेव्हा त्याच्या जागी प्रयोगशाळेचा दरवाजा आपण ठोठवायला हवा होता. तिथे आपण कमी पडलो. म्हणून आज हाड शास्त्रात गेले आणि शास्त्र दुसऱ्याच्या घरात गेले.

'गुणवत्ते'चा एक नमुना

इथे कोणीतरी नेहमीचे वाक्य टाकेल: विज्ञानात जात नसते, गुणवत्ता असते. ठीक. मग जीवाश्मशास्त्रातल्याच गुणवत्तेचा एक नमुना पाहू.

चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता नावाचे प्राध्यापक होते. हिमालयातल्या जीवाश्मांवर त्यांनी सुमारे २५ वर्षांत शेकडो निबंध लिहिले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की हिमालयातले म्हणून सांगितलेले जीवाश्म भलतीकडचे आहेत. काही मोरोक्कोचे, काही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले. जगभर बाजारात मिळणारे दगड हिमालयाच्या नावावर खपवले होते. नामवंत विद्वान सहलेखक म्हणून सह्या करत गेले होते. कोणी विचारले नाही की बाबा, ही जागा आम्हाला दाखव तरी.

पुढे काय झाले? निलंबन झाले, चौकशी झाली, विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले. आणि नोकरी? ती गेली नाही. ते रीतसर निवृत्त झाले.

आता डोळ्यांपुढे आणा. राखीव जागेवर आलेल्या एखाद्या संशोधकाने एक दगड जरी चुकीच्या डब्यात ठेवला असता, तर? "कोट्यातला आहे" हे वाक्य किती मिनिटांत मार्गदर्शकाच्या खोलीतून उपाहारगृहापर्यंत पोहोचले असते? त्यांच्यातल्या एकाने खोटेपणा केला तर तो त्या माणसाचा दोष. आपल्यातल्या एकाकडून चूक झाली तर तो समाजाचा दोष. चुकण्याचा अधिकार कोणाला, असे वर म्हटले ते याच अर्थाने.

दरवाजा बंद कसा राहतो

जानेवारी २०२३ मध्ये त्याच 'नेचर'ने भारतातल्या विज्ञानसंस्थांमधल्या जातीची आकडेवारी छापली. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' अध्यापक-पाठ्यवृत्तीत २०१६ ते २०२० या काळात निवडलेल्यांपैकी ८० टक्के सवर्ण, अनुसूचित जातीचे ६ टक्के, अनुसूचित जमातीचे १ टक्क्याहून कमी. सिरोंच्याच्या जमिनीतली हाडे जगात गाजली. सिरोंच्याच्या आदिवासी पोराला त्या हाडांजवळ खुर्ची मात्र मिळाली नाही.

कायदाही बघा. शिक्षकांच्या नेमणुकीतल्या आरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१९ साली झाला. आपण पेढे वाटले. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात मात्र एक खिडकी ठेवली आहे. अनुसूचीत नाव असलेल्या उत्कृष्ट संशोधनसंस्थांना हा कायदा लागू नाही. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या यादीत आहे. म्हणजे संस्था जितकी 'उत्कृष्ट', तितकी आपल्याला वर्ज्य. देवळाच्या गाभाऱ्याचा नियम याहून वेगळा काय होता?

आणि पाठ्यवृत्ती? बार्टीची फेलोशिप सर्व ८६१ विद्यार्थ्यांना मिळावी म्हणून आपली मुले आझाद मैदानावर महिनोन्महिने बसली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारले की पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत. सभागृहात हे बोलणे झाले तेव्हा आपण संतापलो, समाजमाध्यमांवर तुटून पडलो. योग्यच केले. पण प्रामाणिकपणे सांगा, त्या रविवारी आमच्या वर्गात त्या मुलीला जे विचारले गेले, ते याहून वेगळे होते का? "पुढे काय होणार?" मंत्र्याने विचारले तर अपमान आणि आपण विचारले तर सल्ला?

रोहित वेमुलाचे स्वप्न कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे होते. हैदराबाद विद्यापीठात तो आधी जीवशास्त्रातच संशोधनाला आला होता. १७ जानेवारी २०१६ ला व्यवस्थेने त्याचा बळी घेतला. आपण त्याचा फोटो बॅनरवर लावतो, त्याच्या नावाने घोषणा देतो. त्याने पाहिलेल्या ताऱ्यांकडे मात्र आपल्यातले किती जण बघतात?

आपल्या घरातल्या तीन सबबी

प्रस्थापितांना जाब विचारणे सोपे आहे, ते आपण रोज करतो. आज आपल्याच तीन सबबींना उत्तर देऊ.

पहिली सबब: आधी पोट, मग विज्ञान. पोटाचा प्रश्न खरा आहे. आमच्यातल्या कित्येकांच्या घरात एका पगारावर सहा माणसे आहेत. पण भूशास्त्रात पोट नाही हे कोणी सांगितले? लोकसेवा आयोग दरवर्षी भूवैज्ञानिकांची स्वतंत्र परीक्षा घेतो आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात राजपत्रित अधिकारी नेमतो. आरक्षण लागू आहे. आपल्या किती अभ्यासिकांच्या भिंतीवर त्या परीक्षेची जाहिरात लागते? आमच्या तरी लागली नव्हती.

दुसरी सबब: हा भरल्या पोटीच्या लोकांचा छंद, चळवळीशी काय संबंध? संबंध बाबासाहेबांनीच दाखवला आहे. १९४८ सालच्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी काय केले? अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, म्हणून वेगळे ठेवले, हा सिद्धांत त्या काळी विद्वानांत चालत होता. बाबासाहेबांनी चिडून भाषण ठोकले नाही. त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाच्या मापांची आकडेवारी घेतली, प्रांतवार ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवले आणि वंशभेदाचा सिद्धांत त्याच मापांनी मोडून काढला. कवट्या-नाके मोजणारे शास्त्र आपल्याविरुद्ध वापरले जात होते, तेव्हा त्यांनी ते वाचले, समजून घेतले आणि उलटवले.

तिसरी सबब जरा झोंबणारी आहे. आपण म्हणतो, आमचे ठरलेले आहे, आम्ही मूलनिवासी, डीएनएने सिद्ध झाले. २००१ साली एका परदेशी गटाचा जनुकांवरचा निबंध आला, नमुने होते आंध्र प्रदेशातल्या विशाखापट्टणम परिसरातले. आपल्यातल्या काहींनी त्याची पत्रके छापली, वीस वर्षे भाषणे केली. मूळ निबंध किती वक्त्यांनी वाचला? नमुने किती, मर्यादा काय, हे तपासणारा एक तरी जनुकशास्त्रज्ञ आपण तयार केला का? मग २०१९ साली हरियाणातल्या राखीगढीच्या एका सांगाड्याच्या डीएनएवरून दुसऱ्या बाजूने जाहीर केले की आर्य बाहेरून आलेच नाहीत. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या मोठ्या शोधनिबंधात मात्र गवताळ प्रदेशातून लोक भारतात आल्याचे मांडले होते. पत्रकार परिषदेला उत्तर द्यायला प्रयोगशाळेत आपले कोणी नव्हते. ज्यांच्या हातात हाड, त्यांच्या हातात इतिहास. आपल्या हातात उरते ते पत्रक. तथागतांनी तर सांगितले की कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मग पत्रकात आहे म्हणून मानायची सूट आपल्याला कोणी दिली?

आमच्या मागण्या आणि आमचा ठराव

प्रयोगशाळांना आणि संग्रहालयांना आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे.

एक, प्रत्येक सांगाड्याच्या फलकावर तो ज्या गावच्या जमिनीतून निघाला त्या गावाचे नाव आणि हाड शोधणाऱ्या, खणणाऱ्या, वाहणाऱ्या माणसांची नावे लावा. जुन्या हजेरीपटांत ती असतील, ती शोधून काढा. हेही संशोधनच आहे.

दोन, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधनविभागाने आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी प्रवर्गनिहाय जाहीर करावी. किती आले, किती टिकले, किती मध्येच गेले, पुढे कुठे पोहोचले. यशस्वी माजी विद्यार्थ्यांचे फोटो भिंतीवर लावता, तर मध्येच सोडून गेलेल्यांचा आकडाही लावा.

तीन, जिथे जीवाश्म निघतात त्या सिरोंच्यासारख्या तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी त्या विषयाच्या जागा आणि पाठ्यवृत्त्या राखून ठेवा. जमीन त्यांची, हाड त्यांच्या जमिनीतले आणि त्यांच्या वाट्याला फक्त रोजंदारी, हे आता चालणार नाही.

आणि आम्ही स्वतः काय करणार? त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. तिच्या आईने, आमच्या मावशींनी, चहा ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच नको म्हटलं, मग तिनं कुणाला विचारायचं?" आम्हाला मान वर करता आली नाही. आम्ही तिची माफी मागितली. वर्गात ठराव केला: तिच्या प्रवेशपरीक्षेचे शुल्क, क्षेत्रकामाचे बूट आणि प्रवासखर्च वर्गणीतून. जयंतीच्या डीजेचा खर्च निम्मा करून. डीजेवाल्या पोरांनी आधी कुरकुर केली, मग त्यांनीच पहिली पावती फाडली. ती पुन्हा रविवारी येऊ लागली आहे.

शेवटी आपल्या मातीतली एक गोष्ट. गासच्या शेजारी सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे तो ठेवा गेला. १९५६ साली, बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पंडितजींचे नाव आपण आदराने घेतो, घ्यायलाच हवे. पण त्या टेकाडाची माती पाट्यांतून उपसणारे हात कोणाचे होते?

स्तूप सापडण्याआधी लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या पाट्या-टोपल्या विणणारा समाज. पंडित यायच्या कितीतरी आधी लोकांच्या तोंडी एका कष्टकरी जातीच्या राजाचे नाव टिकून होते. माती वाहणाऱ्यांची नावे अशीच जपावी लागतात आणि ती जपणारी माणसे आता प्रयोगशाळेच्या आत बसली पाहिजेत.

तेव्हा तुमच्या वस्तीतला एखादा मुलगा, एखादी मुलगी खिशात दगड घेऊन आली आणि म्हणाली "मला याचा अभ्यास करायचा आहे", तर "पुढे काय" विचारू नका. फॉर्म कधी निघतो ते विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!